मासेमारीच्या काठीवर धाग्याची नक्षी: पहिल्या साध्या वेढ्यापासून चौकटीपर्यंत

गळाने मासे पकडण्यासाठी वापरली जाणारी आधुनिक काठी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला रॉड, नीट निरखून पाहिला तर त्यावर ठिकठिकाणी धागा गुंडाळलेला दिसतो. ज्या कड्यांमधून दोरी धावते त्या कड्या काठीला स्क्रूने किंवा खिळ्याने बसवता येत नाहीत, कारण काचतंतूच्या किंवा कार्बनतंतूच्या पोकळ नळीला भोक पाडले की ती तेथेच मोडते. म्हणून कडीचे पाय नळीवर ठेवून त्यांवर घट्ट धागा गुंडाळायचा आणि त्यावर इपॉक्सीचा पारदर्शक थर चढवायचा, ही पद्धत जगभर रूढ झाली. मुठीच्या लगेच पुढे, जेथे काठी सर्वांत जाड असते, तेथे मात्र धाग्याला असे कोणतेच काम नसते. तेथे तो केवळ शोभेसाठी येतो आणि स्वतःच्या हाताने काठी बांधणारे कारागीर आपले कसब तेथेच दाखवतात. या लेखात साधा वेढा, काठ आणि चौकटीची नक्षी या तीन गोष्टी क्रमाने सांगितल्या आहेत.

या कलेचे मूळ बांबूच्या काठ्यांमध्ये आहे. अमेरिकेतील मेन राज्यातल्या बँगोर येथे हायरम लेनर्ड यांनी १८७० च्या दशकात बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून काठ्या बनवायला सुरुवात केली. त्या काळचे सरस पाण्याने सुटत असे, त्यामुळे पट्ट्या एकत्र राहाव्यात म्हणून काठीवर थोड्या थोड्या अंतराने रेशमी धाग्याचे वेढे देत. पुढे गोंद सुधारले, काचतंतूच्या नळ्या आल्या, पट्ट्या बांधून ठेवण्याची गरज संपली. धागा मात्र काठीवर राहिला आणि त्याला रंगरूप आले.

सामान

काठी बांधणारे सहसा नायलॉनचा धागा वापरतात. पॉलिएस्टर आणि रेशीमही चालते. जाडी इंग्रजी अक्षरांनी दाखवली जाते. ए आकाराचा धागा साधारण ०.१५ मिलिमीटर जाड असतो आणि डी आकाराचा साधारण ०.२५ मिलिमीटर. कड्या बांधण्यासाठी ए पुरेसा आहे, तर शोभेच्या नक्षीसाठी अनेक जण डी घेतात, कारण तो जागा लवकर भरतो. नवख्याने नक्षीसुद्धा ए धाग्यानेच शिकावी असे माझे मत आहे. वेळ जास्त लागतो हे खरे, पण रेघा बारीक येतात आणि फटी राहिल्या तरी त्या लहान राहतात. शिवणकामाचा सुती धागा घेऊ नये. त्याचा कोंडा इपॉक्सीत अडकतो आणि नक्षीवर केसाळ लव उभी राहिल्यासारखी दिसते. सरावासाठी मशीनच्या भरतकामाचा चमकदार पॉलिएस्टर धागा चालेल, तो कोणत्याही शहरात मिळतो. धाग्याचे रीळ आणि काठीवरचे रील यांचा बोलताना घोळ होतो, म्हणून येथे धाग्याच्या रिळाला विणकरांच्या शब्दात कांडी म्हटले आहे.

काठी आडवी टेकवून फिरवता यावी म्हणून दोन आधार लागतात. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना व्हीच्या आकाराच्या खाचा पाडल्या तरी काम भागते. कांडी एका पेल्यात ठेवावी, धागा जाडजूड पुस्तकाच्या पानांमधून ओढून घ्यावा आणि पुस्तकावर वजन ठेवून ताण कमीजास्त करावा. हा उपाय जुना आहे आणि अजूनही चांगल्या यंत्राइतका उपयोगी आहे. याशिवाय नवे ब्लेड, मास्किंग टेप, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, सुई, धागे सरकवून एकमेकांना भिडवण्यासाठी गुळगुळीत पेनाचे टोपण, आयसोप्रोपिल अल्कोहोल, हातमोजे आणि स्पिरिटचा दिवा हाताशी असावा. सरावासाठी महागड्या नळीला हात लावू नये. पडद्याची जुनी नळी किंवा मोडलेल्या काठीचा तुकडा पुरेसा आहे.

साधा वेढा

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि बहुतेक जण तो टाळून सरळ नक्षीकडे वळतात. चौकटीची नक्षी करतानाही शेवटी दोन्ही टोके साध्या वेढ्यानेच बांधायची असतात, त्यामुळे तो ज्याला जमत नाही त्याची नक्षी कडेने सुटते.

नळी अल्कोहोलने पुसून घ्यावी. धाग्याचे मोकळे टोक डाव्या हाताने नळीवर धरून काठी स्वतःकडे फिरवावी आणि चालू धागा त्या टोकावरून तिरपा ओलांडून न्यावा, म्हणजे टोक खाली दाबले जाते. असे पाच-सहा वेढे झाले की टोक घट्ट बसते. उरलेले टोक ब्लेडने जवळून कापावे आणि पुढचे वेढे त्यावरून जाऊ द्यावेत. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून बसला पाहिजे, त्यावर चढता कामा नये. यासाठी धागा आधीच झालेल्या वेढ्यांकडे किंचित कलता ठेवावा. आठ-दहा वेढ्यांनंतर थांबून अंगठ्याच्या नखाने ते हलकेच मागे सारले तर फटी मिटतात.

शेवट बांधण्याची रीत एकदा हाताला बसली की विसरत नाही. संपायला आठ-दहा वेढे उरले असताना, दुसऱ्या मजबूत धाग्याचा दुहेरी फास करून तो नळीवर असा ठेवावा की फासाचे गोल टोक वेढा ज्या दिशेने पुढे सरकतो आहे त्या दिशेला बाहेर राहील. उरलेले वेढे फासावरूनच द्यावेत. मग शेवटचा वेढा अंगठ्याने दाबून धरावा, चालू धागा थोडी लांबी ठेवून कापावा, त्याचे टोक फासात ओवावे आणि फास मागून ओढून घ्यावा. धागा वेढ्यांच्या खालून बाहेर येतो. तो ताणून धरून नव्या ब्लेडने अगदी मुळाशी कापला की कापलेले टोक आत दडते. ब्लेड बोथट असेल तर येथे हमखास लव राहते, म्हणून ब्लेडची पर्वा करू नये, दर दोन-तीन कापांनंतर ते बदलावे.

कडी बांधताना आणखी एक काम असते. कडीच्या पायाचे टोक कानशीने घासून सुरीच्या धारेसारखे पातळ करावे लागते, नाहीतर धागा नळीवरून पायावर चढताना तेथे फट पडते आणि पुढे त्या फटीत पाणी शिरते. पायाची खालची बाजूही गुळगुळीत आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. तेथली धार नळीला कापत राहते. ताण इतकाच असावा की बांधून झाल्यावरही कडी बोटाने जोर लावून केसभर सरकवता येईल, कारण सगळ्या कड्या एका रेषेत आणण्याचे काम त्यानंतर करायचे असते. नक्षीच्या धाग्याला तर याहूनही कमी ताण पुरतो.

वेढ्याच्या कडेला दुसऱ्या रंगाचा दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा दिला की साडीला काठ लावल्यासारखे काम उठून दिसते. मुख्य वेढा संपवून त्याला लागूनच दुसऱ्या रंगाचा नवा वेढा सुरू करायचा, एवढीच त्याची कृती आहे. फार अरुंद काठ टाळावा: सात-आठ धाग्यांपेक्षा कमी वेढ्यांत सुरुवातीचे टोक आणि शेवटचा फास दोन्ही मावत नाहीत.

चौकटीची आखणी

पत्त्यांमधल्या चौकटसारखी, एकात एक बसलेली रंगीत आकृती हा या कलेतला सर्वांत ओळखीचा नमुना आहे. तिचे तत्त्व सोपे आहे. धागा काठीवर मळसूत्रासारखा तिरपा चढवत न्यायचा आणि तसाच विरुद्ध तिरपेपणाने परत आणायचा. जेथे जाणारा आणि येणारा धागा एकमेकांना छेदतात तेथे फुली पडते. त्या फुलीच्या दोन्ही अंगांना एकेक धागा वाढवत गेले की फुलीची चौकट होते. चौकट सुंदर येते की वाकडी, हे धागा हातात घेण्याआधीच, आखणीत ठरलेले असते. मी माझ्या पहिल्या काठीवर आखणी डोळ्यांच्या अंदाजाने केली. सहा तास धागे भरल्यावर लक्षात आले की चौकटी नळीभोवती हळूहळू फिरत गेल्या आहेत: पहिली वर होती, शेवटची जवळजवळ बाजूला. ते सगळे कापून टाकावे लागले.

म्हणून आखणी कागदाने करावी. कागदाची अरुंद पट्टी नळीभोवती गुंडाळून, ती जेथे स्वतःवर येते तेथे खूण करावी; ही झाली परिघाची लांबी. पट्टी तेथे कापून मधोमध दुमडावी. दुमड म्हणजे नळीची अगदी विरुद्ध बाजू. ही पट्टी नक्षीच्या दोन्ही टोकांना नळीवर लावून समोरची आणि पाठीमागची अशा दोन खुणा कराव्यात, आणि टोकांमधल्या समोरासमोरच्या खुणा ताणलेल्या धाग्याने किंवा सरळ पट्टीने जोडून दोन आसरेषा आखाव्यात. समोरची रेषा कड्यांच्या ओळीशी जुळवायची की तिच्या बरोबर उलट बाजूला ठेवायची, हे आधीच ठरवावे, कारण काठी हातात धरल्यावर वर येणारी बाजूच डोळ्यांत भरते.

आता अंतरे. जाणारा आणि येणारा धागा काटकोनात छेदावेत असे वाटत असेल, तर एका आसरेषेवरच्या दोन फुल्यांमधले अंतर परिघाइतके घ्यावे. नळीचा व्यास १५ मिलिमीटर असेल तर परिघ सुमारे ४७ मिलिमीटर होतो. म्हणून समोरच्या रेषेवर ०, ४७, ९४ आणि १४१ मिलिमीटरवर खुणा कराव्यात, आणि पाठीमागच्या रेषेवर त्यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे २३.५, ७०.५ आणि ११७.५ वर. अंतर वाढवले तर चौकटी काठीच्या लांबीच्या दिशेने लांबट होतात, कमी केले तर आडव्या आणि बुटक्या. किंचित लांबट चौकट काठीवर अधिक शोभते, हे ज्याच्या त्याच्या आवडीचे आहे. काठी टोकाकडे निमुळती होत जाते हेही ध्यानात ठेवावे. १३ मिलिमीटर व्यासाला परिघ ४१ मिलिमीटरच राहतो, म्हणून लांब नक्षीत अंतरे पुढे पुढे थोडी कमी करावी लागतात. पहिल्या दीडशे मिलिमीटरच्या नक्षीत हा फरक सोडून दिला तरी चालेल.

आखणीच्या आधी या सगळ्या भागावर एका रंगाचा साधा वेढा देऊन घ्यावा. तो पार्श्वभूमीचे काम करतो आणि गुळगुळीत नळीवर तिरपे धागे घसरतात ती अडचणही दूर करतो. खुणा मात्र मऊ पेन्सिलीने आणि अगदी बारीक ठिपक्यांनी कराव्यात, जेणेकरून त्या फुलीच्या मध्यभागाखाली झाकल्या जातील.

धागे भरणे

नक्षीच्या दोन्ही टोकांच्या जरा बाहेर, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा एकेक वेढा द्यावा. धागा तेथे चिकटतो आणि वळून परत येतो. पहिला धागा एका टोकाच्या टेपवर चिकटवून समोरच्या पहिल्या खुणेपासून निघावे, अर्धा फेरा झाला की तो पाठीमागच्या पहिल्या खुणेवरून गेला पाहिजे, पूर्ण फेरा झाला की समोरच्या दुसऱ्या खुणेवरून. असे शेवटपर्यंत जाऊन, टेपवर एक वेढा घेऊन, त्याच खुणांवरून उलट दिशेने परत यावे. ही पहिली फेरी म्हणजे सांगाडा. ती पूर्ण झाल्यावर काठी हातात घेऊन लांबीच्या दिशेने, एक डोळा मिटून पाहावी. सर्व फुल्या एका ओळीत नसतील तर सुईच्या टोकाने धागा सरकवून त्या जागेवर आणाव्यात. या टप्प्यावर अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असे समजू नये. पुढचा प्रत्येक धागा याच दोन धाग्यांना टेकून चालणार आहे आणि त्यांची चूक जशीच्या तशी उचलणार आहे.

त्यानंतर नियम एकच: एक फेरी सांगाड्याच्या डाव्या अंगाला, पुढची उजव्या अंगाला, आणि रंग दोन्हीकडे सारखा. प्रत्येक नवा धागा फुलीवर आधीच्या धाग्यांच्या वरून जातो, म्हणून रंग एकात एक चौकटींसारखे बसतात. एक बाजू विसरली तर फुली तिरकी होते. पहिल्या नक्षीसाठी पुढील मांडणी सोपी पडते: मध्यभागी पांढरे ३ धागे, दोन्ही बाजूंना निळे ४-४, मग पुन्हा पांढरे २-२ आणि शेवटी काळा १-१. एकूण १७ धागे होतात आणि ए धाग्याने पट्ट्याची रुंदी जेमतेम अडीच मिलिमीटर भरते. ती लहान वाटेल, पण कडेला काळा धागा आला की आकृतीला धार येते. ही एकच युक्ती नवख्याच्या कामाला जाणत्याचे रूप देते. मोजणी मनात ठेवू नये. बाजूला कागद ठेवून प्रत्येक फेरीला काडी मारावी, कारण फोन वाजला की आकडा हमखास विसरतो.

प्रत्येक फेरीनंतर पेनाच्या टोपणाने धागे एकमेकांना हलकेच भिडवावेत. फुलीपाशी धाग्यांची थप्पी उंच होत जाते आणि तेथे नवा धागा घसरून शेजाऱ्यावर चढू पाहतो. तो ताबडतोब उलगडून पुन्हा घालावा. तीन फेऱ्यांनंतर लक्षात आलेली चूक सुधारायला त्या तीनही फेऱ्या काढाव्या लागतात. दोन्ही अंगांऐवजी एकाच अंगाला धागे वाढवत गेले तर चौकटीऐवजी बाणाच्या टोकासारखी नक्षी मिळते. चौकट जमल्यावर ती करून पाहावी, तोवर एका काठीवर एकच नमुना पुरे.

धागे भरून झाले की दोन्ही टोकांना टेपच्या आतल्या बाजूला साध्या वेढ्याचे दहा-बारा फेरे घट्ट देऊन सर्व तिरपे धागे बांधावेत. मग बाहेर राहिलेली टोके ब्लेडने कापावीत, टेप सोलून काढावी आणि तोच साधा वेढा उघड्या टोकांवरून पुढे नेऊन, फास ओढून संपवावा. उभी राहिलेली लव स्पिरिटच्या दिव्याची ज्योत क्षणभर जवळून फिरवली की जळून जाते. ज्योत थांबली तर नायलॉन वितळतो, म्हणून हात चालता ठेवावा.

रंग टिकवणे

येथे नवख्यांची सर्वांत मोठी निराशा होते. ओली साडी जशी गडद दिसते आणि पातळ असेल तर आरपार दिसू लागते, तसेच इपॉक्सी मुरल्यावर साध्या नायलॉन धाग्याचे होते. पिवळा धागा काळ्या नळीवर शेवाळी दिसतो आणि पांढरा जवळजवळ नाहीसा होतो. बांबूच्या काठ्या बनवणारे हा परिणाम रेशमावर मुद्दाम साधतात, खालचा बांबू दिसावा म्हणून. आपल्याला रंग हवे असतील तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे मुळातच अपारदर्शक बनवलेला धागा घ्यावा, जो एनसीपी या नावाने विकला जातो. त्याचे रंग टिकतात, पण चमक थोडी कमी असते. दुसरा म्हणजे इपॉक्सीआधी कलर प्रिझर्व्हर नावाचे पातळ द्रव लावावे, जे धाग्यात मुरून वाळते आणि इपॉक्सीला आत शिरू देत नाही. ते सढळ हाताने लावून, काही मिनिटांनी जादा द्रव कापडाने टिपून घ्यावे आणि असे दोन-तीन थर द्यावेत. दोन थरांमध्ये आणि इपॉक्सीच्या आधी एक पूर्ण दिवस वाळू द्यावे. पावसाळ्यात त्याहून अधिक. एखादा भाग कोरडा राहिला तर इपॉक्सी तेथेच मुरते आणि नक्षीवर काळपट डाग उमटतो, जो नंतर कशानेही जात नाही. जरीसारख्या धातूच्या धाग्याला हा उपचार लागत नाही. रंगांबद्दल शंका असेल तर नळीच्या तुकड्यावर आधी सगळी कृती करून पाहावी.

इपॉक्सीचा थर

काठीसाठी मिळणारी इपॉक्सी बहुधा दोन भागांची असते आणि ते दोन भाग आकारमानाने समान घ्यायचे असतात. माप चुकले तर थर कायमचा चिकट राहतो. थोडेच लागणार असले तरी प्रत्येक भाग निदान ३ मिलिलिटर घ्यावा, कारण मात्रा लहान असली की छोटी चूकही प्रमाण बिघडवते. मोजण्यासाठी औषधाच्या दुकानातली सिरिंज सोयीची वाटते, पण दट्ट्याला काळे रबर असलेली सिरिंज घेऊ नये: त्या रबराला सिलिकॉनचे तेल लावलेले असते आणि त्याचा अंश मिसळला तर थरात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. दट्ट्या पूर्ण प्लास्टिकचा असावा आणि दोन भागांच्या दोन सिरिंजांवर नावे लिहून ठेवावीत. हातमोजे घालावेत, इपॉक्सीची त्वचेला बाधा एकदा सुरू झाली की पुढे प्रत्येक वेळी होते.

मिश्रण तीन-चार मिनिटे सावकाश ढवळावे, मग ते फॉइलच्या तुकड्यावर पसरून ओतावे. पातळ पसरल्याने बुडबुडे वर येऊन फुटतात आणि मिश्रण वाटीत तापून लवकर घट्ट होत नाही. काठी फिरती ठेवून मऊ ब्रशने पहिला थर पातळच लावावा, कडा नळीवर एक-दोन मिलिमीटर पुढे नेऊन सरळ कराव्यात. पाच-दहा मिनिटांनी काठी थांबवली की जादा द्रव खाली थेंबासारखे लोंबते, ते ब्रशने उचलून घ्यावे. राहिलेल्या बुडबुड्यांवरून दिव्याची ज्योत लांबून चालती न्यावी. अल्कोहोलची बाटली आणि ज्योत मात्र एकाच वेळी टेबलावर नसावीत.

यानंतर काठी सहा-आठ तास मंद गतीने फिरत राहिली पाहिजे, नाहीतर थर एका बाजूला ओघळतो. मिनिटाला ६ ते १८ फेऱ्यांची मोटर योग्य. मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी मोटर साधारण ५-६ फेऱ्यांची असते आणि पातळ थराला पुरते, पण ती बऱ्याचदा घरच्या विजेवर चालते, म्हणून जोडणी जाणकाराकडून करून घ्यावी. मोटर नसेल तर पहिले तीन तास दर काही मिनिटांनी काठी हाताने पाव फेरा फिरवत बसावे लागते. पहिल्या काठीला ते करता येते. चौकटीच्या धाग्यांमध्ये उंचसखल भाग असल्यामुळे दोन किंवा तीन थर लागतात, साधारण एकेका दिवसाच्या अंतराने. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात हे काम शक्यतो करू नये. हवेतला दमटपणा थरावर दुधी, तेलकट साय आणतो. करायचेच असेल तर वातानुकूलित खोलीत करावे आणि थंडीत मिश्रण घट्ट वाटले तर दोन्ही बाटल्या आधी कोमट पाण्यात ठेवाव्यात.

शेवटच्या थरानंतर काठी आठवडाभर बाजूला ठेवावी आणि मगच तिला वाकवावे. एवढे करूनही वेढा बिघडला तर तो काढता येतो. केस वाळवण्याच्या यंत्राने इपॉक्सी गरम करून मऊ करावी. कडीचा वेढा असेल तर ब्लेड कडीच्या पायाच्या धातूवरूनच, लांबीच्या दिशेने चालवावे, नळीवर कधीही नाही. नक्षीच्या जागी खाली धातू नसतो, म्हणून तेथे ब्लेड आडवे धरून फक्त वरची इपॉक्सी तासावी आणि धाग्याचे टोक सापडले की तो उलगडत काढावा. कार्बनच्या नळीवर ब्लेडचा एक ओरखडा उठला तरी मोठा मासा लागल्यावर ती बरोबर त्याच ठिकाणी मोडते.